चौथा कोपरा

माझ्यावर शेकडो माणसं बसून गेली, पण माझी विचारपूस कधी कुणी केली नाही. म्हणून आज मीच बोलते. मी सतरंजी. लालबागच्या एका दुमजली चाळीची, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, पंचवीस माणसं मांडी घालून बसतील एवढी.

माझा जन्म येरवड्याच्या तुरुंगातला. मला विणणारा कैदी दिवसभर गप्प असायचा. देवाचं नाव घेताना मी त्याला कधी ऐकलं नाही. पण सूत तुटलं, की तो हात थांबवायचा, मागे जायचा आणि गाठ मारूनच पुढे विणायचा. कुणी पाहत नसलं तरीही. पुढे चाळीत देवाची नावं मी इतकी ऐकली, की त्या गप्प माणसाची मला फार आठवण येऊ लागली.

चाळीनं मला वर्गणीतून आणलं. माझा मुक्काम पहिल्या मजल्यावर अप्पांच्या खोलीत, पलंगाखाली. अप्पा चाळीचे सेक्रेटरी. एका कचेरीत कारकून, चाळीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांचा आवाज गोड होता. ‘जे का रंजले गांजले’ म्हणावं ते त्यांनीच, असं लोक म्हणत. आणि डोळे पुसत.

बारशी, साखरपुडे, हळदीकुंकू, भजन, सगळं माझ्यावर झालं. शिवाय मला आणखी एक काम होतं, ते बाहेरच्यांना ठाऊक नसायचं. चाळीचा जिना इतका अरुंद, की खाट वळत नसे. कुणी आजारी पडलं, की मला दुहेरी घडी घालायची, माणूस मध्ये निजवायचा आणि चौघांनी चार कोपरे धरून खाली उतरवायचं. चादरी त्या वळणावर फाटायच्या. मी कधी फाटले नाही. माझा काठ उसवला तर फाटकाशी दुकान असलेला बशीर पिंजारी तो शिवून द्यायचा. गाद्यांचा कापूस पिंजता पिंजता तो मला म्हणायचा, “तू तो अपनी ॲम्ब्युलन्स है रे बाबा.”

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, तेव्हा चौकात रोज सभा. माझ्यावर सगळे खेटून बसत. अप्पांच्या मांडीला मांडी लावून दुसऱ्या मजल्यावरचा सीताराम बसे. तो गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, बोलायला पट्टीचा. “मराठी माणूस एक!” असं अप्पा म्हणत आणि सीतारामच्या पाठीवर थाप मारत. सभा संपली, की मी घडी होऊन अप्पांच्या दारापाशी येई. मग अप्पा माझ्यावर गोमूत्र शिंपडून मला आत घेत. थाप मारलेला हातसुद्धा धूत.

छप्पन्न साली सीतारामच्या घरानं धम्म स्वीकारला. दुसऱ्या मजल्यावरच्या, मागच्या अंगाच्या त्यांच्या चार खोल्यांतून देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. मला वाटलं, आता वर तरी निराळी हवा असेल. सीताराम दर रविवारी करुणेवर बोलायचा, आणि ते बोलणं खाली चौकापर्यंत ऐकू यायचं. पण त्याची म्हातारी आई जाईबाई. तिला वंदना धड पाठ होईना. कधी चुकून “मरीआई” तोंडातून गेलं, की तो चारचौघांत तिच्या अंगावर ओरडायचा. म्हातारी मुकाट्यानं शेजारच्या आजाऱ्याला पेज नेऊन द्यायची.

आता त्या दिवसाचं सांगते.

अठ्ठावन्नचा चैत्र. चाळीची वर्षाची सत्यनारायणाची पूजा चौकात मांडलेली. यजमानपदी अप्पांचा मुलगा वसंत आणि सून पद्मजा, उपरण्याला पदराची गाठ मारून पाटांवर बसलेले. मी समोर अंथरलेली, माझ्यावर अख्खी चाळ. मागच्या अंगाची माणसं मात्र सभेला माझ्या मधोमध बसत, पूजेला माझ्या काठाबाहेरही नसत. त्यांना नको होतं आणि यांनाही नको होतं.

कथा रंगात आली असताना जाईबाई जिन्यावरून उतरली. डोक्यावरचा पदर घसरलेला.

“अप्पा, सून अडलीय. शेवंती. मूल आडवं आलंय म्हणते सुईण, इस्पितळात न्या म्हणते. तेवढी सतरंजी द्या.”

शेवंती म्हणजे तिच्या धाकट्या मुलाची, राजारामची बायको. राजाराम रेल्वेत फायरमन, गाडीवर गेलेला. बाहेर मोर्चाची गर्दी, टॅक्सी नाही, व्हिक्टोरियाचा घोडागाडीवाला आत शिरायला तयार नाही.

अप्पांनी हात जोडूनच मान वळवली. “जाईबाई, कथा चालू आहे. दोनच अध्याय राहिलेत. आरती झाली की देतो हो.”

“चादरीत घालून बघितलं. वळणावर फाटली. पोरगी पडता पडता राहिली.”

“पहिलटकरणीला वेळ लागतोच बाई,” सुंदराबाई माझ्यावर बसूनच म्हणाली. “आमच्या नलूला दोन दिवस लागले. घाबरताय काय!”

“आणि बाळंतपणाला दिली तर पुन्हा बैठकीला घ्यायची कशी?” मागून कुणीतरी पुटपुटलं. खरं कारण ते होतं. सगळ्यांना ते ऐकू आलं आणि कुणीच ऐकलं नाही.

तेवढ्यात सीताराम धावत खाली आला. मला हायसं वाटलं. घरचा कर्ता पुरुष, बोलणारा माणूस. आता हा मला ओढूनच नेणार. त्यानं आईचा दंड धरला.

“आई, वर चल. यांच्या देवापुढची सतरंजी आपल्याला नको. प्रतिज्ञा घेतल्यात आपण.”

“प्रतिज्ञा तू घेतल्यास. कळा ती देतीय.”

“लोक काय म्हणतील? सीताराम पूजेत हात पसरायला गेला?”

“मी पसरते की. तू तिकडं तोंड कर.”

पूजा करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. सतरंजी घेणार नाही, अशी नव्हती. पण सीताराम हटेना. अप्पांचा चेहरा सैल झाला. “बघा, त्यांनाच नकोय,” ते म्हणाले. त्या दोघांचं इतकं एकमत मी सभेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी पायाखालची वस्तू. मला आपणहून उठता येत नाही. वरून शेवंतीची किंकाळी आली, तेव्हा माझ्यावरच्या काहींनी डोळे मिटून घेतले, जणू कथेतच रंगलेत.

मग पद्मजानं गाठ सोडली.

आधी वसंतलाही कळलं नाही. ती पाटावरून उठली आणि म्हणाली, “उठा हो सगळे. सतरंजी हवीय.”

“पद्मजा!” अप्पा ओरडले. “संकल्प सोडलाय! अर्ध्यातून उठलीस तर घराचं वाटोळं होईल.”

“मामंजी, देव थांबेल. तिला थांबता येणार नाही.”

“वसंता, बायकोला सांग!”

वसंत तबकातल्या तुळशीपत्रांकडे बघत राहिला. पद्मजानं माझा काठ धरून ओढला. माणसं कुरकुरत उठली. सुंदराबाई शेवटी उठली.

फाटकातून बशीर आत आला. त्याचा रोजा होता, ओठ सुकून पांढरे पडलेले. “किधर है बाई?” एवढंच त्यानं विचारलं.

वर नेऊन त्यांनी शेवंतीला माझ्यात घातलं. डोक्याकडचा एक कोपरा पद्मजानं धरला, एक जाईबाईनं. पायांकडचा एक बशीरनं. चौथा जमिनीवर पडून राहिला. सीताराम दारात उभा होता. पद्मजानं त्याच्याकडे पाहिलं. “धरा ना भाऊ.” तो हललाही नाही. माझ्या काठावर कुंकवाचे डाग पडले होते, त्यांच्याकडे तो बघत होता. बशीरनं चौथा कोपरा आपल्याच दुसऱ्या मनगटाला गुंडाळला आणि पाठ खालच्या बाजूला करून उलटा जिना उतरू लागला.

आम्ही चौकात आलो, तेव्हा आरती सुरू झाली होती. होय, त्यांनी उघड्या फरशीवर बसून पूजा पुढे चालवली होती. वसंतशेजारचा पाट रिकामा. लोकांनी हात जोडून, टाळ्या वाजवत आम्हाला वाट दिली. एकाचाही हात माझ्याकडे आला नाही, कारण सगळे हात देवाच्या कामात होते.

रस्त्यावर मोर्चातली पोरं धावली. जात नाही, नाव नाही, काही विचारलं नाही. त्यांनी कोपरे घेतले आणि परळच्या इस्पितळापर्यंत पळत नेलं.

शेवंती वाचली. मूल नाही वाचलं. मुलगा होता. “थोडं आधी आणलं असतं तर,” एवढं डॉक्टर बोलले आणि पुढल्या रुग्णाकडे गेले. बशीर भिंतीला टेकून बसला होता. त्याला भोवळ आली, आणि पद्मजानं त्याला नळाचं पाणी पाजलं.

संध्याकाळी त्याच्या दुकानाशी एक बुजुर्ग येऊन बोलले, “एक औरत के वास्ते रोजा तोड दिया, बशीर?”

“तोडा नहीं, चाचा. उधर रखके आया.”

चाचांना ते आवडलं नाही.

मग काय झालं विचारता? अप्पांनी पुढल्या पौर्णिमेला पूजा पुन्हा केली. “पूजा मोडल्याचं फळ त्या बिचाऱ्या जिवाला मिळालं,” असं ते हळहळून सांगत. पद्मजाला देव्हाऱ्याजवळ जायची बंदी झाली. वसंत अजूनही मान वर करत नाही. सीतारामनं विहारात भाषण केलं, जातीनं आमचं मूल मारलं म्हणून. ते खरंच होतं. पण टाळ्या वाजल्या तेव्हा जाईबाई उठून बाहेर गेली.

मला दोन्हीकडून नाकारलं. पूजेवाल्यांना मी बाळंतपणाच्या रक्ताची, सीतारामला मी पूजेतली. जाईबाईनं मला सार्वजनिक नळावर घासघासून धुतलं. डाग फिकटले, गेले नाहीत. सीतारामशी भांडून ती मला स्वतःच्या खोलीत घेऊन गेली. चाळीनं नवी सतरंजी आणली. परवा साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, तेव्हा तिच्यावर पेढे वाटले गेले. अप्पा आणि सीताराम शेजारी शेजारी बसले होते म्हणे. दोघांचीही भाषणं छान झाली.

मी जाईबाईच्या दारामागच्या खुंटीवर असते. शेवंतीला पुन्हा दिवस गेलेत. पोटावर हात ठेवून ती माझ्याजवळून जाते, पण माझ्याकडे पाहत नाही. गेल्या आठवड्यात जाईबाईनं मला खाली नेऊन बशीरकडून सगळे काठ पुन्हा पक्के करून घेतले. त्यानं विचारलं, “कब है?” ती म्हणाली, “गणपतीच्या सुमारास.” पद्मजा पाणी भरायला आली होती. ती दोघांना ऐकू जाईल एवढंच बोलली, “मला हाक मारा. कुठल्याही वेळी.”

तुम्ही कुठल्या देवाचे आहात, ते मी विचारणार नाही. ते तुम्ही न विचारताच सांगता. माझं मागणं एवढंच, की गणपतीच्या सुमारास या जिन्यावरून हाक आली, तर हातातलं काम खाली ठेवा. तीन कोपऱ्यांना माणसं ठरली आहेत. राजाराम घरी असला तर चौथा त्याचा. पण त्याची गाडी बहुतेक बाहेरच असते.