दोन श्वास चेंडू माझ्याकडे होता

मित्रांनो, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे चामड्याचा जुना ग्लोव्ह पडलेला दिसला, तर तो मीच. बेसबॉलचा, डाव्या हातात घालायचा. एके काळी माझा मोठा तोरा होता, आता निमूट झालो आहे.

मी आधी एका गोऱ्या मुलाचा होतो. तो कॉलेजात गेला आणि त्याच्या आईने मला गॅरेज सेलच्या टेबलावर जुन्या टोस्टरशेजारी मांडलं. सकाळभर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुपारी पुरुषोत्तम आजोबा आले. आजी गेल्यावर ते नागपूरहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आले होते. तरुणपणी ते बँकेच्या टीमचे विकेटकीपर. मला हातात घालून त्यांनी तळव्यावर मूठ आपटली आणि म्हणाले, "वा! हा आपल्या कामाचा आहे."

मुलगा प्रफुल्ल आणि सून शीला सकाळच्या ट्रेनने शिकागोला जात. अकरा वर्षांची नात उपासना घरी असली तरी तिच्या कानांत इअरफोन. मग आजोबा माझ्याशीच बोलत आणि मला खोबरेल तेल चोळत. नको तितकं तेल! पण खरं सांगतो, एवढे लाड माझे कुणी केले नव्हते.

दर रविवारी आम्ही दोघं पार्कातल्या मैदानाच्या कुंपणाबाहेर गवतावर बसायचो. तिथल्या हौशी लीगमध्ये डॉनली नावाचे पोस्टमन खेळत. चेंडू थेट कुंपणापार गेला की होम रन. त्या लीगमध्ये सगळ्या कारकिर्दीत मिळून एकशे अठरा होम रनचा विक्रम चोवीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता, आणि डॉनली बरोबरीला पोचले होते. २००७चा उन्हाळा होता तो. टीव्हीवरही मोठ्या लीगमधल्या तशाच विक्रमाची चर्चा चालली होती. त्यामुळे उपासनालाही गोडी लागली.

"आजोबा, कॅन आय कम? बॉल आपल्याकडे आला तर कॅच कराल?"

"अगं, विकेटकीपर आहे मी!"

नातीने एकदा तरी सोबत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा तेल लावलं.

रविवारी ती आमच्यासोबत आली आणि तिसऱ्या डावात डॉनलींनी फटका मारला. चेंडू उंच चढला आणि आमच्याच दिशेने आला. आजोबा दोन पावलं मागे सरले आणि चेंडू माझ्या तळव्यात बसला. विक्रमाचा चेंडू! लोक ओरडत होते, उपासना उड्या मारत होती. आयुष्यभर मी याच क्षणासाठी थांबलो होतो.

दोन श्वास तो माझ्याकडे होता. मग आजोबांनी तो झोकात मैदानात परत फेकला.

"आजोबा! व्हाय?" उपासना रडकुंडीला आली. "इथे बॉल कीप करतात! इट वॉज अवर्स!"

"परत नको द्यायला? त्यांचा खेळ अडेल ना," आजोबा गोंधळून म्हणाले. क्रिकेटमध्ये चेंडू प्रेक्षकांत गेला की परत द्यायचा, हेच त्यांना ठाऊक. आजूबाजूचे लोक हसले. उपासना घरापर्यंत दहा पावलं पुढे चालत राहिली. पुढच्या रविवारी ती आली नाही. आम्ही दोघंच गेलो.

ऑक्टोबरमध्ये जाताना आजोबांनी मला तिच्या हातात दिलं. "याला तेल लाव हं. नाहीतर कडक होतो." विमानतळावरून परतल्यावर तिने मला इथे ठेवलं.

तो चेंडू आता त्या लीगच्या क्लबातल्या काचेच्या कपाटात आहे, त्यावर डॉनलींचं नाव आहे. मला राग नाही. बरं, थोडासा आहे.

इथून स्वयंपाकघरातला फोन ऐकू येतो. दर रविवारी सकाळी स्पीकरवर तेच आवाज.

"जय भीम, आजोबा."

"जय भीम, बाळा. ग्लोव्हला तेल लावतेस ना?"

"हो, आजोबा."

मी दाराकडे बघतो. दार उघडत नाही. एक अख्खा हिवाळा गेला, माझा तळवा चिरला आहे.

मित्रांनो, तेल नसलं तरी चालेल. कुणी जाताना हाती सोपवलेली वस्तू एकदा तरी हातात घेऊन बघा. माझ्या आत आजोबांच्या पाची बोटांच्या जागा अजून तशाच आहेत. उपासनाची बोटं लहान आहेत, पण बसतील.