ज्योतबाबाचा बिनतारी बल्ब

करडीच्या तलावाच्या पाळीवर ज्योतबाबाचा मांडव उभा राहिला, आणि त्यात मुंगी शिरायला जागा उरली नाही. बाबापुढच्या लाकडी पाटावर भक्तानं कडं लावलेला बल्ब धरायचा. ना तार, ना बॅटरी, तरी बल्ब लख्ख पेटायचा! "पुण्याचा करंट आहे बेटा, याचं बिल येत नाही," असं बाबा सांगायचा. बिलाची जागा दानपेटी चालवायची.

रंजू तलावातून थेट तिथं आली. माशांनी भरलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं, तिचा जर्मनचा गंज, तिनं पाटावर टेकवलं आणि बल्ब धरला. बल्ब पेटलाच नाही.

"ही बाई ज्योत गिळते! हिचा पाय लागला तर तलावात मासळी उरणार नाही," बाबा गरजला.

घरी पोचताच सासूनं, शकुनबाईनं, रंजूचं बोचकं बांधलं. "उद्याच माहेरी जाय."

रंजूची शाळेतली मैत्रीण रत्नमाला भंडाऱ्याला पॉलिटेक्निकात शिकवायची. त्याच दुपारी ती सुटीत गावी आली, तर रंजू बोचक्याशेजारी उंबऱ्यावर बसलेली.

"काहून रडून राहिली वो?"

"पाटावर गंज टेकवला, बल्ब धरला, पण माह्या हातात नाही पेटला."

रत्नमाला मांडवात जाऊन बसली. तीन भक्तांनी एकदम बल्ब धरले, तर तिन्ही मिणमिणले. "पुण्य वाटल्या गेलं," बाबा म्हणाला. रत्नमालेचं डोकं सणकलं. भार कमीजास्त झाला तरी बिनतारी वीज सारखी पोचावी, यासाठी तिनं प्रयोगशाळेत वर्षं घालवली होती. या गड्यानं मात्र आपल्या सर्किटची खोट लोकांच्या पदरात पाप म्हणून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती रंजूला आणि तिचा रिकामा गंज घेऊन मांडवात आली. शकुनबाईही मागोमाग आली.

"बाबाजी, आता तुम्हीच बल्ब धरा."

बल्ब पेटला. तिनं पाटावर गंज ठेवला, बल्ब विझला. उचलला, पेटला.

"आता बाबाच ज्योत गिळून राहिले का जी?" गर्दीतून म्हातारा इतवारी म्हणाला.

"गंजाला मासळीचा विटाळ आहे!" बाबा म्हणाला.

"मंग तुमच्या खिरीच्या गंजावरचं झाकण आणते."

झाकण ठेवलं. बल्ब विझला. बाबाला अचानक ध्यान लागलं.

रत्नमालेनं पाट उलटला. खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, सर्किट आणि बॅटरी.

"या तारेत वीज सेकंदाले लाखो वेळा उलटसुलट फिरते. बल्बच्या कड्यात दुसरं वेटोळं आहे. दोघांचा मेळ जमला का मधल्या हवेतून वीज जाते. धातूचं भांडं आलं का मेळ बिघडते, बल्ब वाढले का वीज वाटल्या जाते. भार बदलला तरी मेळ सांभाळणारं सर्किट बनवता येते. याले थे जमलं नाही, एवढंच."

शकुनबाईनं सुनेचा हात धरला. "चाल घरी."

रंजू जागची हलली नाही. "बोचकं तुम्ही बांधलं. आता सगळ्यांसमोर सांगा, माह्यात खोट नाही म्हणून."

शकुनबाई गर्दीकडे वळली. ती मोठ्यानं म्हणाली, "माह्या सुनेत काहीच खोट नाही."

मंडळी, बल्ब विझला तर पाट उलटून पाहा. माणसाला घराबाहेर काढू नका.