कोयता म्हणजे किती माणसं

“‘पान अठ्ठावन्न. लग्नाला बावीस कोयते आले, असं तुम्ही लिहिलंय. सिंधुताई, लग्नात इतकी हत्यारं कशाला? पुढं मारामारी तर होत नाही.’”

सिंधुबाईंनी फोनवर आलेलं पत्र वाचून दाखवलं आणि डेअरीतली बायकांची रांग खदखदून हसली. कडूबाईच्या किटलीतलं दूध हिंदकळलं. ऊसतोडीला जाणाऱ्या गावात कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार. बावीस कोयते म्हणजे चव्वेचाळीस माणसं. हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही.

“हसता कावून गं? आधीच दुष्काळाचं दूध, त्यात सांडा आनखी,” सिंधुबाई म्हणाल्या. पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

दिंद्रुडजवळच्या त्या गावात, सहकारी दूध संस्थेत, त्या वीस वर्षं फॅट तपासत होत्या. दुपारच्या रिकाम्या वेळात सहा वर्षं खपून त्यांनी कादंबरी लिहिली होती. नायिका त्यांची सासू, भामाबाई. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला, तेव्हा तान्हं पोर पाठीशी बांधून भामाबाई एकट्याच साखर कारखान्यावर गेल्या. जोडी नाही, म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमानं वहीत लिहिलं, ‘अर्धा कोयता’. कादंबरीचं नावही तेच. पत्र पाठवणाऱ्या पुण्याच्या वैदेही मॅडम लेखकांची हस्तलिखितं प्रकाशकांपर्यंत नेत. त्यांनी एक प्रकाशक तयार केला होता. पण तीन दुरुस्त्या हव्या होत्या आणि शुक्रवारपर्यंत हव्या होत्या. नाहीतर पुस्तक यंदाच्या यादीतून जाणार होतं. पुढच्या वर्षीचा भरवसा मॅडमनी दिला नव्हता.

घरी भामाबाई वाकळ शिवत बसल्या होत्या. सिंधुबाई शेजारी टेकल्या.

“आत्याबाई, पुस्तकाच्या एजंट मॅडमचं पत्र आलंय.”

“एजंट म्हंजी मुकादमच की. आपुन तोडायचं, तिनं कारखान्यावर न्यायचं. काय म्हनती?”

“कोयत्याचा अर्थ सांगा म्हनतेत. अन् दूध संस्थेच्या सभेची वीस पानं काढा म्हनतेत.”

“काढ. त्या सभेत मी बी झोपलेच व्हते. आनखी?”

“शेवट फिका हाय म्हनं. तुमी गावाकडं परत येता, एवढंच हाय त्यात. मॅडम म्हनतेत, तुमी पहिल्याच साली उसाच्या फडात मरावं.”

भामाबाईंनी सुई कापडात खोवली. “मार की मग. छापतेत ना?”

“तुमाला चालंल?”

“कागदावरच मरायचंय. लई सोपं हाय. पर पहिल्याच साली मारलीस, तर अर्धा कोयता पुरा कवा झाला ते कसं सांगशील?”

“पुरा झाला?”

“दुसऱ्या साली. युसूफ वडगाव गावची चंद्रभागा व्हती, माझ्यावानीच एकली. आमी दोघी धुळाजी मुकादमाकडं गेलतो. म्हनलं, आमची एक जोडी लिव्ह. तो म्हनला, कोयता म्हंजी नवरा-बायकू. तुमच्यात नवरा कोन? चंद्रभागा म्हनली, आठ दिस ती, आठ दिस मी. नवरा आसल तिनं तोडायचं, बायकू आसल तिनं मोळ्या बांधायच्या, भाकरी थापायच्या. मुकादम हसून हसून खालीच बसला. लिव्हलं त्यानं.”

“अन् तुमी खरंच आठवडे पाळले?”

“पाळले की. नवरा झाली की चंद्रभागा मांडी घालून बसायची अन् हाताशी आसलं तरी मीठ मागायची.”

दोघी इतक्या हसल्या की भामाबाईंना पाणी द्यावं लागलं.

“सहा वर्षांत हे सांगितलं न्हाई कावून?” सिंधुबाईंनी विचारलं.

“तू दुःखाचंच इचारलंस.”

दोन दिवस सिंधुबाईंनी डेअरीची वेळ सोडली तर मान वर केली नाही. शुक्रवारी त्यांनी मॅडमना फोन लावला. “सभेची वीस पानं काढली, मॅडम. कोयत्याचा अर्थ मी कुठं सांगत नाही, मुकादमच सांगतो. शेवटाबद्दल तुमचं बरोबर होतं, तो फिका होता. पण माझी बाई मरत नाही. नवा शेवट वाचू का?”

वाचून झाला. सिंधुबाईंनी फोन कानावर घट्ट धरला. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मॅडम हसत होत्या.

“ते मीठ मागायचं पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. आणि ते वाचून झाल्यावर, “पाठवा आज. असंच्या असं.”

पाठवण्याआधी सिंधुबाईंनी शेवटचं पान भामाबाईंनाही वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती: ‘मुकादमानं वहीत लिहिलं, भामा आणि चंद्रभागा, एक कोयता.’

“तिचं नाव आधी घाल,” भामाबाई म्हणाल्या.

“का हो?”

“मी हाय की अजून. मला कुनी बी इचारंल.”

सिंधुबाईंनी ओळ खोडली आणि वर नव्यानं लिहिली. भामाबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना अक्षरओळख नव्हती.

“ती कुठं हाय यात?”

सिंधुबाईंनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. भामाबाईंनी ते बराच वेळ उचललं नाही.