परातीतलं तांबडं पाणी

"लोह निघालं! लोह निघालं!" परातीतलं पाणी तांबडं झालं आणि राजवाड्यामागच्या मांडवात शंभर जणांनी एकदम हात जोडले. लोहसिद्ध सामी डोळे मिटून कसलंसं संस्कृत पुटपुटत होते. त्यातला एक शब्द धड असेल तर शपथ! परातीत पाय बुडवून अकरा वर्षांची शांभवी बसली होती आणि तिची आई श्रीलक्ष्मी आनंदानं रडत होती.

भुवनाच्या अंगाचा तिळपापड झाला. शांभवी तिच्या धाकट्या भावाची मुलगी, आणि भुवना स्वतः नर्स. पोरीला थॅलॅसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे. त्या रक्तातलं लोह आपोआप बाहेर जात नाही; यकृतात, हृदयात साठत राहतं. ते धरून बाहेर नेणारी गोळी रोज घ्यायची असते. पण सामींनी बजावलं होतं, "गोळी घेतली तर माझी सिद्धी रुसेल." चार महिने गोळी बंद होती. कालच्या तपासणीत लोहाचा आकडा दुप्पट झाला होता. असंच चाललं तर पोरीचं हृदय निकामी होणार होतं.

"अक्का, डोळ्यांनी दिसतंय कीं!" श्रीलक्ष्मी म्हणाली. "तुमच्या गोळीनं कधीं दिसलं होतं कां?"

"आधीं पायांना हळद कां लावतात गे?"

"मंगल म्हणून. सामींनींच सांगितलं."

हळद! भुवना परातीकडे बघतच राहिली. हा रंग तिनं आयुष्यभर कालवला होता. नवी नवरी दारात आली, बाळंतीण घरी आली, की हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना घालायचा. ओवाळायला तांबडं पाणी तयार. मांडवातल्या प्रत्येक बाईनं ते केलेलं. आणि त्याच बाया इथं गहिवरून बसल्या होत्या!

तिनं शांभवीची लाकडी बाहुली उचलली, हळदीत माखली आणि पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेल्या परातीत बुडवली. नितळ पाणी बघता बघता तांबडं झालं.

"सामी, ह्या लाकडांत किती लोखंड आहे, पाहा तरी!"

"बाहुलीचं... पूर्वजन्मींचं..." सामी चाचरले.

"पूर्वजन्म राहूं द्या. पाण्यांत चुन्याची निवळी आहे."

"अय्यो, ही तर आपली ओवाळायची आरतीच कीं!" म्हातारी शेषम्मा ओरडली आणि मांडवभर हशा पिकला. सामींना तिरुवैयारूला तातडीचं काम आठवलं.

श्रीलक्ष्मी तेवढी हसली नाही. "मींच बंद केली गोळी, अक्का," ती म्हणाली.

दोन दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, तिनं पुन्हा गोळी पाण्यात विरघळवली. शांभवी तोंड वाकडं करून ते पाणी प्याली.

"आत्या, ह्यानं कांहीं तांबडं होत नाहीं कां?"

"नाहीं गे. रोज थोडं लोह धरतं आणि संडासावाटे घेऊन जातं."

संडासात जाणाऱ्या चमत्काराला हार कोण घालणार! पण लोह जातं ते तिथूनच. चार महिन्यांत साठलेलं काढायला आता वर्षही लागेल. म्हणून बाबांनो, पाणी तांबडं झालं की हात जोडण्याआधी एवढंच बघा: पाय न बुडवता ते तांबडं होतं का?