कंट्रोल, सी आणि जावई

माझे बाबा आणि माझा नवरा एकमेकांशी बोलतात, फक्त माझ्यामार्फत. आमच्या फोटो स्टुडिओत दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. तरी बाबा मला म्हणणार, त्यांना विचार, झालं का. आणि नवरा मला म्हणणार, बाबांना सांग, होतंय. याला आमच्याकडे मान ठेवणं म्हणतात. माझं मात्र डोकं उठतं.

त्या दिवशी जुनी डिस्क शेवटचे आचके देत होती. तिच्यातले एका लग्नाचे फोटो नवरा टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा देऊन बाहेर काढत होता. लग्न झालेल्या त्या मुलीचे वडील ते संध्याकाळी न्यायला येणार होते. हे फसलं आणि बाबांनी नाक मुरडलं, तर दुसऱ्या गावातल्या नोकरीला हो म्हणायचं, असं नवऱ्याने ठरवलं होतं. मला इथून हलायचं नव्हतं.

बाबांनी हयातभर टायपिंग शिकवलं. माऊस म्हणजे आळशाची काठी, हे त्यांचं मत. नवरा गिऱ्हाईकाचा फोटो काढायला आत गेला आणि बाबा त्याच्या खुर्चीत बसले. किती फोटो निघाले ती पडद्यावरची ओळ मुलीच्या वडिलांना पाठवावी, तेवढाच त्यांचा जीव भांड्यात पडेल, या सद्भावनेने त्यांनी कंट्रोल आणि सी दाबलं. इतर ठिकाणी त्याने कॉपी होतं. टर्मिनलमध्ये चालू काम बंद पडतं. तसं ते पडलं. बाबांनी मग ऐटीत पेस्ट करून निरोप धाडला. तिकडे पोचलं ते सकाळी शेजाऱ्यासाठी कॉपी केलेलं, 'आपली स्कूटर आमच्या दारातून हलवा.' मुलीच्या वडिलांकडे स्कूटरच नव्हती.

नवऱ्याने डिस्कला शिव्या घालून काम पुन्हा सुरू केलं. बाबांनी पुन्हा कॉपी केलं. या वेळी नवऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि सासऱ्यांना काय बोलायचं म्हणून माझ्याकडे पाहू लागला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून भिंतीवरच्या फ्रेमा पुसत राहिले. मनात म्हटलं, संसार तुझा, नोकरी तुझी, तोंडही तुझंच वापर.

बाबांची बोटं तिसऱ्यांदा कळांकडे निघाली, तसा नवराच बोलला.

"बाबा, हात काढा. त्याने काम बंद पडतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रेम पुसत होते. नाइलाजाने ते त्याच्याकडे वळले.

"मग कॉपी कसं करायचं?"

"सोबत शिफ्टही दाबायचं."

"एवढंच? मग मघाशी का नाही बोललात, जावईबापू?"

संध्याकाळी मुलीचे वडील आले तेव्हा निम्मे फोटो निघायचे होते. नवऱ्याचा चेहरा उतरला. तो काही बोलायच्या आत बाबा उठून उभे राहिले.

"मी मध्ये बोटं घातली म्हणून उशीर झाला. यांनी मला अडवलं, म्हणून निदान उद्या तरी मिळतील."

मुलीचे वडील कुरकुरत गेले. नवरा मला म्हणाला, बाबांना सांग, उद्या मी लवकर येऊन दुकान उघडतो. दुसऱ्या गावाचं नावही काढलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण मी पर्स उचलली.

"तूच सांग," म्हटलं, आणि त्या दोघांना दुकानात सोडून घरी निघाले.