झाला नव्हता, केलास

फाटकापाशी बुटाची नाडी बांधायला ती खाली बसली होती, तेव्हा दादाने फोनवर बोलता बोलता गाडी मागे घेतली. नडगीचं हाड मोडलं. दवाखान्यात दादा ढसाढसा रडला. पण घरी पाहुणे भेटायला येऊ लागले तसा त्याचा सूर बदलला. "गाडीमागे बसायची काही गरज होती का?" असं तो प्रत्येकाला विचारी, आणि पाहुणे माना डोलवीत. आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून ती सगळं ऐकत असे.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. सकाळी उठून लांबवर पळत सुटायचं, एवढंच तिचं वेड. हाड जुळलं, मग फिजिओथेरपिस्ट बाईंनीही एकदाची परवानगी दिली. त्या रविवारी ती बाहेर पडते तर दादा स्कूटर काढून तयार.

"आईने सांगितलंय. पडलीस-बिडलीस तर? मी आहे ना मागे."

"तुला मागचं कधीपासून दिसायला लागलं?" असं म्हणून ती पळू लागली.

पाय ओंडक्यासारखा जड लागत होता. त्यात मागून स्कूटरची घरघर आणि दादाच्या सूचना. "टाच नीट टेकव. हळू गं, घोडे!" ती दात-ओठ खात पळत राहिली. चौकात पेपरवाल्याने विचारलं, "ताई, बऱ्याच दिवसांनी?" तिने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "ॲक्सिडेंट झाला होता हिला."

ती थांबली.

"झाला नव्हता. तू केलास."

"अगं, लोकांसमोर तमाशा नको. मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम नाही. पण केलंस ना? एकदा तरी तोंडाने म्हण."

"तुझ्यासाठी झोपमोड करून आलोय, त्याचं काहीच नाही?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्कूटरची किल्ली फिरवून उपसली, खिशात घातली आणि पळत सुटली. दादा हाका मारत राहिला. पेपरवाला पेपरात डोकं खुपसून बसला.

ती तलावापर्यंत गेली. पूर्वी एका दमात चढायची तो चढ तिला पाय ओढत चालून जावा लागला. म्हाताऱ्या जोडप्यानेही तिला मागे टाकलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्यापेक्षा संतापाचं जास्त होतं. तरी वर पोचल्यावर ती पुन्हा पळाली.

घरी पोचली तेव्हा दादा स्कूटर ढकलत आणून घामाघूम होऊन पायरीवर बसला होता. आई ओरडायला लागली, "एवढा जिवाला जीव देणारा भाऊ, आणि तू..."

"आई, थांब," दादा म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "मी फोनवर होतो. मागे बघितलंच नाही. हिची काही चूक नव्हती."

तिने खिशातली किल्ली काढून दादाच्या हातावर टेकवली. हे ऐकलं की हलकं वाटेल, असं तिने त्या आतल्या खोलीत कितीदा तरी मनाशी म्हटलं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट, इतके दिवस का लावलेस, म्हणून राग नव्याने उसळला.

"माफ केलंस ना?" त्याने विचारलं.

"नाही. विचारूही नकोस इतक्यात."

सुजलेल्या पायाला बर्फ लावत ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मी एकटी जाणार. मागे कोणी दिसता कामा नये."