सुमनची माफी

दिवाळीनंतर आमच्या खैरलांजीकडच्या गावात मंडई भरते. जत्राच ती. दुपारी नाटक असतं आणि दरवर्षी तेच. लिहिलंय आमच्या ह्यांनी. वहीवर मोठ्या अक्षरात नाव आहे, चैतराम. मी तोंडाने घेत नाही. नाटकातल्या सुमनला नवरा खोट्या संशयावरून घराबाहेर काढतो आणि शेवटी सुमनच त्याच्या पाया पडून माफी मागते. बाया पदराने डोळे पुसतात. मला मात्र वीस वर्षं त्या सुमनचा राग येतो.

वीस वर्षं, कारण पडद्याआडून नाटक सांगते मीच. नट बाहेरगावचे, तालीम कोणी करत नाही. मी वहीतलं वाक्य हळू वाचायचं, त्यांनी ते रंगवून बोलायचं. यंदाची सुमन, पौर्णिमा, बालाघाटहून सकाळच्या बसने आली. वही उघडूनसुद्धा पाहिली नाही तिने. "काकी, तुम्ही सांगत जा बस. बाकी माह्यावर सोडा," म्हणाली.

यंदा मंडईला जावईही आले होते. आमच्या मयुरीने सासूला न विचारता नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिला माहेरी आणून सोडलं त्यांनी. आता रजतरावांची अट अशी: मयुरीने चार लोकांसमोर माफी मागावी, परीक्षा सोडावी, मग आजच घेऊन जातो. ह्यांना ते पटलं. पोरीला म्हणाले, "सुमनकडं पाह्य जरा. वाकल्यानं बाई लहान होत नाही."

माझं मात्र डोकं फिरलं.

शेवटचा प्रवेश आला. पौर्णिमा नवऱ्याच्या पायाशी वाकली आणि कान माझ्याकडे केला. वहीत होतं, 'माफ करा, धनी, चूक माझीच.' मी वही मिटली आणि सांगितलं, "माझी काही चूक नाही. मी माफी मागणार नाही."

पौर्णिमा पट्टीची नटी. डोळ्यांत पाणी आणून, खणखणीत आवाजात बोलली आणि ताठ उभी राहिली. नवरा झालेला भोजराज गडबडून माझ्याकडे बघू लागला. त्यालाही सांगितलं, "चूक माझी होती, सुमन." कानावर पडेल ते बोलायची सवय; बोलून गेला बिचारा. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. बायांच्या बाजूने आधी एक टाळी पडली, मग टाळ्या थांबेचनात. मला इतका आनंद झाला की मिटलेली वही मी परत उघडलीच नाही.

पडदा पडताच हे आत आले. "हे म्या कधी लिहलं?"

"नाही लिहलं. म्हणून तं मले सांगा लागलं."

घरी आलो तर रजतराव अंगणात उभेच. चहालाही हात लावला नव्हता. "नाटक झालं," ते म्हणाले. "आता मयुरी, बोल."

मयुरी पुढे आली. सवयीने माझं तोंड उघडलं. तिने हातानेच मला थांबवलं.

"मंगळवारी बालाघाटले माही परीक्षा हाय," ती त्यांना म्हणाली. "ते देऊन मी येईन तुमच्या आईंले भेटाले. माफी मागाले नाही, भेटाले."

रजतराव गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. ह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हेही तुनंच सांगतलं?"

"नाही," मी म्हटलं. "हे तिचं तिनंच."